गारा, वावटळ आणि देवाचा निवाडा

कन्नड तालुक्यातल्या पिशोरला, अंजना नदीच्या काठी, गारपीट म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये मराठवाड्यात लागोपाठ गारा पडल्या. अशा गारपिटीत दैना वावरागणिक वेगळी असते. निसवलेला गहू लोळतो, घाट्यावरचा हरभरा झोडपून निघतो. मागास पेरा मात्र कधी पुन्हा फुटतो. मग पारावर एक वाक्य हमखास येतं : कुणाचं तरी पाप भोवलं.

हे वाक्य फार जुनं आहे. यहुद्यांच्या हिब्रू शास्त्रात वादळ हे देवाच्या न्यायाचं चिन्ह म्हणून वारंवार येतं. वावटळीला तिथे ‘सेआरा’ किंवा ‘सूफा’ म्हणतात, गारांना ‘बाराद’. ‘कोल’ म्हणजे आवाज. त्याचंच अनेकवचन ‘कोलोत’ मेघगर्जनेसाठी येतं. आभाळ गडगडलं म्हणजे देव बोलला, ही समजूत भाषेतच मुरलेली आहे. शेजारच्या कनानी लोकांचा बआलही ढगांवर स्वार होणारा देव होता. सीरियाच्या किनाऱ्यावर उगारितला १९२९ पासून सापडलेल्या मातीच्या पाट्यांवर त्याचं तसंच वर्णन आहे.

मिसरवर, म्हणजे इजिप्तवर, आलेली सातवी पीडा गारांची. याच शास्त्रातल्या ‘निर्गम’ या पुस्तकाच्या नवव्या अध्यायातली ही कथा वाचताना मी दरवेळी एकाच जागी थांबतो. राजा फारो घाबरून कबुली देतो आहे, आणि मध्येच सांगणारा पंचनाम्याला बसल्यासारखा पिकांकडे वळतो. सातू ओंबीवर आलं होतं, जवस कळीवर होतं, दोन्ही गेली. गहू आणि ‘कुस्सेमेत’ मागास, म्हणून वाचले. हे कुस्सेमेत बहुधा आपल्या खपलीच्याच जातीचं. देवाचा कोप सांगणाऱ्यालाही कोणतं पीक कोणत्या अवस्थेत होतं, हे सांगितल्यावाचून राहवलं नाही. शमुवेल संदेष्टा तर गव्हाच्या काढणीतच गडगडाट आणि पाऊस मागतो. त्या देशात ते दिवस कोरडे ठणठणीत, म्हणून अवकाळी पाऊस हीच लोकांना देवाची साक्ष ठरते.

वादळाची दुसरी बाजू आपल्या कोकणात जपलेली आहे. मराठी बोलणारे यहुदी, म्हणजे बेने इस्राएल, आपली सुरुवात अलिबागजवळच्या नवगावला फुटलेल्या गलबतापासून सांगतात. त्यातून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, अशी त्यांची परंपरा. त्यांचा सर्वांत लाडका संदेष्टा एलीया; शास्त्रानुसार तो सेआरातूनच स्वर्गात गेला. अलिबागजवळच्या खंडाळ्याला खडकावरच्या खुणा त्याच्या रथाच्या मानतात. त्याच्या नावाने पोहे, खोबरं, साखर आणि फळं यांचा मलिदा करतात. तो आभाराचा विधी आहे. वादळातून वाचलेल्यांच्या वंशजांनी वावटळीच्या संदेष्ट्याला धाकासाठी नव्हे, आभारासाठी धरलं, याचं मला फार मोल वाटतं.

याच एलीयाला होरेब डोंगरावर सोसाट्याचा वारा, भूकंप आणि आग दिसते. देव यांतल्या कशातच नसतो. नंतर येतो तो अगदी बारीक, शांत आवाज. त्यालाही शब्द तोच : ‘कोल’.

पारावरच्या वाक्याला खरं उत्तर मात्र ईयोबाच्या पुस्तकात आहे. वाळवंटाकडून आलेल्या मोठ्या वाऱ्याने घराचे चारही कोपरे हादरतात आणि ईयोबाची दहाही मुलं दडपून मरतात. भेटायला आलेले मित्र त्याला पानोपानी सांगतात, तुझंच काही चुकलं असणार. शेवटी देव सेआरातून बोलतो, गारांच्या कोठारांबद्दलही विचारतो. पण ईयोबाचं एकही पाप काढत नाही, आणि मुलं का गेली तेही सांगत नाही. त्याचा राग निघतो मित्रांवर. ते माझ्याविषयी खरं बोलले नाहीत, असा निवाडा तो देतो. प्रायश्चित्त म्हणून त्यांना सात गोऱ्हे आणि सात एडके घेऊन ईयोबाकडे जावं लागतं, आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करतो तो ईयोबच.