मणक्यात ‘गॅप’ आला म्हणजे आयुष्य संपले काय?

गोणी उचलणारे, झाडू मारणारे, घमेली वाहणारे बांधव आणि चार घरची धुणीभांडी करणाऱ्या भगिनी, यांच्यापैकी कंबर न दुखणारा माणूस विरळाच. दुखणे लांबले की एमआरआय काढला जातो. इंग्रजी रिपोर्टात ‘डिस्क डिजनरेशन’, ‘बल्ज’ असे शब्द असतात. घरी मात्र बातमी पोचते, “मणक्यात गॅप आला!” त्या दिवसापासून घरचा कमावता माणूस स्वतःला निकामी समजू लागतो. कोणी काम सोडतो, कोणी ऑपरेशनसाठी कर्ज काढायला निघतो. म्हणून हे शब्द आधी समजून घेतले पाहिजेत.

कमरेत पाच मणके असतात. दोन मणक्यांमध्ये एक मऊ गादी असते, तीच डिस्क. वय वाढते तसे गादीतले पाणी कमी होते, ती चपटी होते आणि एमआरआयमध्ये काळी दिसते. यालाच डिजनरेशन म्हणतात. गादी थोडी फुगून बाहेर आली की बल्ज. ‘एल ४-एल ५’ हा फक्त जागेचा पत्ता आहे. चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली गादी.

आता महत्त्वाची गोष्ट. कंबर अजिबात न दुखणाऱ्या ३,११० लोकांच्या तपासण्या एकत्र करून २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. विशीतल्या शंभरातील ३७, पन्नाशीतल्या ८० आणि ऐंशीतल्या ९६ जणांच्या गाद्या झिजलेल्या होत्या. दुखणे मात्र कोणालाच नव्हते! केस पिकावेत तशीच ही झीज असते. फोटोत झीज दिसते, वेदना दिसत नाही.

मग रिपोर्ट निरुपयोगी आहे काय? नाही. पायात उतरणारी कळ, मुंग्या, अशक्तपणा आणि फोटोत दबलेली शीर यांचा मेळ बसला तर तो फार उपयोगी पडतो. म्हणून डॉक्टरांना विचारा, “माझा त्रास या फोटोशी जुळतो काय?” नुसता कागद वाचून नव्हे, तुम्हाला तपासून उत्तर मिळाले पाहिजे. ऑपरेशन सांगितले आणि घाई नसेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचेही मत घ्यावे.

बहुतेकांची कंबर काही आठवड्यांत सुधारते. बाहेर आलेली गादीही पुष्कळदा आपोआप आक्रसते. दिवसेंदिवस अंथरुणात पडून राहू नये. झेपेल तेवढे चालावे, शिकवलेला व्यायाम करावा, ओझे अंगाजवळ धरून उचलावे.

मात्र लघवी अडली किंवा लघवी-संडासवर ताबा राहिला नाही, बसण्याची जागा बधिर झाली, पायातली ताकद झपाट्याने गेली, तर त्याच दिवशी मोठे इस्पितळ गाठावे. कंबरदुखीबरोबर ताप असेल, वजन घटत असेल, पूर्वी कर्करोग झाला असेल किंवा उंचावरून पडल्यावर दुखणे सुरू झाले असेल, तर अंगावर काढू नये.

रिपोर्ट हा निकाल नव्हे, एक पुरावा आहे. पुरावा तपासून घ्यावा, त्याला घाबरून घर विकायला काढू नये.