के.जी.ची रांग, पाडलेली वस्ती आणि एक विद्यापीठ



जानेवारी २०१३. एमएस करायला फिलाडेल्फियात येऊन मला जेमतेम पाच महिने झाले होते. वेस्ट फिलाडेल्फियात एका जुनाट घराच्या तिसऱ्या मजल्यावर आम्ही चार मुलं राहायचो. एका शुक्रवारी क्लासहून परत येताना बेचाळिसाव्या रस्त्याजवळ फुटपाथवर रांग दिसली. घडीच्या खुर्च्या, स्लीपिंग बॅगा, थर्मास, असा सगळा जामानिमा. रूममेट म्हणाला, "नवीन आयफोन आलाय वाटतं." चौकशी केली तर कळलं, ही रांग के.जी.च्या प्रवेशाची. आणि नोंदणी सुरू होणार होती मंगळवारी!

आता, शाळेच्या फॉर्मसाठी पहाटे चारपासून ताटकळणारे आईबाप मी पुण्यात पाहिले होते. पण ही चक्क सरकारी, फुकट शाळा. आपल्याकडे म्युनिसिपालिटीच्या शाळेसाठी कुणी चार रात्री फुटपाथवर काढेल का? त्या रांगेवरून एवढा गदारोळ झाला की स्कूल डिस्ट्रिक्टने लगेच रांगपद्धत मोडीत काढून लॉटरी आणली. मी तेव्हा हसून सोडून दिलं. बारा-तेरा वर्षांनी स्वतःची मुलगी पाच वर्षांची झाली, तेव्हा ते हसू कुठल्या कुठे गेलं.

ती शाळा म्हणजे पेन अलेक्झांडर. युनिव्हर्सिटी ऑफ पेनसिल्व्हेनियाने (इथे सगळे नुसतं 'पेन' म्हणतात) स्कूल डिस्ट्रिक्ट आणि शिक्षक संघटनेबरोबर करार करून ती काढली आणि २००१ मध्ये ती सुरू झाली. जागा विद्यापीठाने दिली आणि शिवाय दर विद्यार्थ्यामागे दर वर्षी हजारभर डॉलर वरून द्यायचे, म्हणजे वर्ग लहान ठेवता येतात. नाव दिलं सेडी अलेक्झांडर यांचं. १९२१ साली याच विद्यापीठातून अर्थशास्त्रात पीएच.डी. मिळवणाऱ्या, आणि अमेरिकेत अशी पदवी मिळवणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय व्यक्ती.

विद्यापीठाला अचानक शेजाऱ्यांचा एवढा पुळका का आला? त्याचं उत्तर मला ऑफिसात किंवा पुस्तकात नाही, शेजारच्या आजींच्या ओट्यावर मिळालं. सत्तरीच्या पुढच्या, कृष्णवर्णीय, उन्हाळ्यात संध्याकाळी खुर्ची टाकून बसणार आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची खबर घेणार. अगदी आपल्या वाड्यातल्या आजींसारख्या. एकदा मी सहज विचारलं, तुम्ही मूळच्या इथल्याच का? म्हणाल्या, "नाही बाळा, मी ब्लॅक बॉटमची." नकाशावर शोधलं, सापडेना. सापडणार कसं? ते १९६० च्या दशकातच पाडलं होतं.

हकीगत अशी. १८७२ च्या सुमारास पेन शहराच्या मध्यातून नदीपलीकडे वेस्ट फिलाडेल्फियात आलं. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याला वाढायला जागा हवी होती. १९५९ मध्ये पेन, शेजारचं ड्रेक्सेल आणि आसपासच्या काही संस्थांनी मिळून वेस्ट फिलाडेल्फिया कॉर्पोरेशन काढलं. 'शहरी नूतनीकरण' या गोंडस नावाखाली केंद्र सरकारचा पैसा होताच. कॅम्पसच्या उत्तरेची कृष्णवर्णीयांची वस्ती, म्हणजे ब्लॅक बॉटम, 'खराब' ठरवली गेली आणि हजारो माणसं उठवली गेली. तिथे १९६३ मध्ये स्थापन झालेलं सायन्स सेंटर उभं राहिलं. आजी तेव्हा आठ-नऊ वर्षांच्या होत्या. "शाळेतून आले तर समोरचं घर नव्हतं," एवढंच सांगतात. त्या वस्तीतली माणसं आजही ऑगस्टमध्ये फेअरमाउंट पार्कात जमतात. धरणात गाव गेलेल्या माणसांचं संमेलन भरावं तसं. माझे आजोळचे लोक कोयनेचे, त्यामुळे मला हे वेगळं समजावून सांगावं लागलं नाही.

फेब्रुवारी १९६९ मध्ये पेनच्याच विद्यार्थ्यांनी या विस्थापनाविरुद्ध कॉलेज हॉलमध्ये सहा दिवस ठिय्या दिला. त्यातल्या पुढाऱ्यांपैकी एक आयरा हारकवी. गंमत बघा, याच हारकवींनी पुढे विद्यापीठात राहून शेजाऱ्यांबरोबर काम करायचं केंद्र उभं केलं. १९९२ साली सुरू झालेलं हे केंद्र आता नेटर सेंटर म्हणून ओळखलं जातं.

त्यांची कल्पना मला इंजिनियर म्हणून फार आवडली. समाजसेवा हा फावल्या वेळचा उद्योग न ठेवता तो थेट अभ्यासक्रमात घालायचा. फ्रान्सिस जॉन्स्टन हे मानववंशशास्त्राचे मोठे प्राध्यापक. त्यांनी नव्वदीच्या सुरुवातीला आपला एक कोर्स बदलला आणि विद्यार्थ्यांना जवळच्या टर्नर मिडल स्कूलमध्ये नेलं. तिथली मुलं काय खातात, त्यांच्या पोषणाचं काय, हा प्रश्न शाळेतल्या मुलांच्या बरोबरीने अभ्यासायचा. त्यातून पुढे शाळांमध्ये भाजीचे मळे, फळांचे स्टॉल, स्वयंपाकाचे वर्ग असा मोठा कार्यक्रम उभा राहिला. प्राध्यापकांना संशोधन मिळालं, विद्यार्थ्यांना क्रेडिट, शाळेला माणसं. कुणी कुणावर उपकार केले नाहीत.

इथे मला आमचं एनएसएसचं शिबिर आठवतं. इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आम्ही सात दिवस एका गावात गेलो, शोषखड्डे खणले, प्रभातफेरी काढली, शेवटच्या रात्री गॅदरिंग केलं आणि सर्टिफिकेट घेऊन परत आलो. त्या खड्ड्यांचं पुढे काय झालं हे पाहायला आमच्यापैकी एकही जण गेला नाही, मीही नाही. आपल्याकडे चांगलं काम झालेलंच नाही असं मात्र नाही. हिंदुस्तान लिव्हरमधली नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पाबळला विज्ञान आश्रम काढला. तिथे २००२ मध्ये एमआयटीच्या मदतीने फॅब लॅब आली. अमेरिकेबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी एक, आणि ती कुठे, तर शिरूर तालुक्यात! आयआयटी मुंबईच्या 'सितारा'तल्या एम.टेक.च्या मुलांनाही काही आठवडे गावात राहून काम करावं लागतं. असो, विषयांतर झालं.

पेनने खरा पैसा ओतला तो १९९६ नंतर. त्या वर्षी गुन्हेगारी इतकी वाढली की ऑक्टोबरच्या अखेरीस विद्यापीठाच्या एका संशोधकाचा रस्त्यात खून झाला. पालक घाबरले. म्हणजे नुसती सदसद्विवेकबुद्धी नव्हे, भीतीही होती, हे मान्य करायला हवं. अध्यक्षा ज्युडिथ रोडिन स्वतः वेस्ट फिलाडेल्फियात वाढलेल्या. त्यांनी रस्त्यांवर दिवे, सुरक्षारक्षक, दुकानं, कर्मचाऱ्यांना याच भागात घर घ्यायला मदत आणि शेवटी ती शाळा, असं सगळं एकदम हाती घेतलं. आणि ते यशस्वी झालं.

इतकं यशस्वी झालं, की घरांच्या किमती भडकल्या. आज कुठलीही जाहिरात उघडा, बेडरूमच्या आधी लिहिलेलं असतं: 'पेन अलेक्झांडर कॅचमेंट'. शाळा शेजाऱ्यांसाठी काढली खरी, पण शेजारीच बदलले. आजींची नात भाडं परवडेना म्हणून आपल्या दोन मुलांना घेऊन कॅचमेंटबाहेर राहायला गेली. चाळिसावा रस्ता आणि मार्केट स्ट्रीटच्या कोपऱ्यावर, जुन्या ब्लॅक बॉटमच्याच जागेत, कमी उत्पन्नवाल्यांची ७० घरं होती. २०२१ मध्ये मालकाने ती विकायचं ठरवलं. जागा पेनची नव्हती, तरी २०२२ मध्ये आंदोलक पेनच्या दारात गेले, कारण किंमत कुणामुळे वाढली हे सगळ्यांना माहीत होतं.

दुसरी मेख प्रॉपर्टी टॅक्सची. ना-नफा संस्था म्हणून विद्यापीठाला तो माफ, आणि इथल्या शाळा बऱ्याच अंशी त्याच टॅक्सवर चालतात. २०२० मध्ये प्राध्यापक-कर्मचाऱ्यांनीच सह्यांची मोहीम काढली. त्याच नोव्हेंबरात पेनने शाळांमधलं शिसं आणि अ‍ॅस्बेस्टॉस काढायला दहा वर्षांत दहा कोटी डॉलर जाहीर केले. रक्कम मोठी आहे, नाकारत नाही. पण ती देणगी आहे, देणं नव्हे, आणि त्या दोन्हींत फरक आहे असं मला वाटतं.

तर गेल्या वर्षी आमच्या घरी रोज रात्री हाच विषय. बायकोचं म्हणणं, थोडं जास्त कर्ज काढू, पण कॅचमेंटमध्येच घर घेऊ, पोरीच्या शिक्षणाचा प्रश्न आहे. माझी तत्त्वं तेव्हा जोरात होती. ती एकदाच म्हणाली, "तुझ्या तत्त्वांची फी आपली मुलगी का भरणार?" यावर मला उत्तर नव्हतं, अजूनही नाही.

एक घर पाहिलंही होतं. आवडलं होतं. विकणारी एक म्हातारी बाई होती, पन्नास वर्षं त्या घरात राहिलेली, वाढता टॅक्स झेपेना म्हणून विकत होती. आमच्या एजंटने ते 'मोटिव्हेटेड सेलर' असं सांगितलं. परत येताना गाडीत दोघंही गप्प होतो. शेवटी आम्ही पश्चिमेला काही ब्लॉक सोडून, ली शाळेच्या हद्दीत भाड्याने राहिलो. २०२२ पासून पेनने त्याही शाळेशी मोठी भागीदारी केली आहे, त्यामुळे आम्ही फार त्याग केला असं कृपया समजू नका. आणि हो, घरमालकाने यंदा भाडं वाढवलंच.

जुन्या गल्लीत अधूनमधून जातो. आजींना पुरणपोळी आवडते, "स्वीट बीन ब्रेड" म्हणतात. मागच्या वेळी मुलीने त्यांना शाळेत केलेलं पेपर प्लेटचं घड्याळ दाखवलं. त्यांनी ते उलटसुलट पाहिलं आणि मला विचारलं, "तिच्या वर्गात या भागातली जुनी मुलं किती आहेत रे?" मी म्हटलं, विचारून सांगतो.