ई नावाचं गाव

आज ‘ई’! नाही, मला झुरळ दिसलेलं नाहीये. फिनलंडच्या उत्तर भागात, ईयोकी नदीच्या मुखाशी खरंच ‘ई’ नावाची छोटी पालिका आहे. लोकसंख्या १० हजारांच्या आत. योकी म्हणजे नदी, मग ई म्हणजे काय? फोनवर इंग्रजी कॅपिटलमध्ये टाइप करा, रोमन २ दिसेल! पण आकड्याशी संबंध नाही. आजच्या फिनिशमध्ये या शब्दाला अर्थच नाही. अभ्यासक सामी भाषेकडे बोट दाखवतात, तिथे याच्या जवळचा शब्द म्हणजे ‘रात्र’. म्हणजे रात्रीच्या मुक्कामाची जागा. सामी लोक उत्तरेकडे सरकत गेले, त्यांची बोली इथून गेली. मागे हे एक अक्षर राहिलं, मला तेच चटका लावून गेलं. आणि जूनमध्ये तिथे रात्री धड अंधारही पडत नाही!