वरातीमागून घोडं आणि माझी इंग्रजीची वही

आमच्या स्वयंपाकघरात ओट्यावर मसाल्याच्या डब्याला टेकून एक दोनशे पानी वही उभी असते. तिच्यावर हळदीचे डाग आहेत, दोन-चार पानांना तेल लागलंय. पाहुण्यांना वाटतं, पाककृतींची वही असेल. पण मैत्रिणींनो, ती माझी इंग्रजीची वही आहे.

गोष्ट २०२३ सालची. माझं वय तेव्हा ३६. मराठी माध्यमातून बी. ए. झालेली, लग्नाला चौदा वर्षं, दोन मुलं. ह्यांचं खताचं आणि औषधांचं दुकान. पाऊस पडला तर धंदा, नाहीतर उधारीची वही वाचत बसायचं. घरात दरमहा एक बांधलेला पगार यावा, एवढीच इच्छा. त्या वर्षी तलाठी भरतीची जाहिरात आली आणि मी अर्ज भरला. सरकारी नोकरीत महिलांना ३० टक्के समांतर आरक्षण आहे हे ठाऊक होतं. आणि खुल्या प्रवर्गाला वयाची अट ३८ वर्षांची, हेही ठाऊक होतं. म्हणजे हातात जेमतेम दोन वर्षं!

परीक्षेला चार विषय. मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि बौद्धिक चाचणी. प्रत्येकी २५ प्रश्न, ५० गुण. पुढे लॉगिन करून आपली उत्तरं ताडून बघता आली. मराठीत माझे २२ बरोबर होते. आणि इंग्रजीत? ९! व्याकरण थोडंफार जमलं होतं. दांडी उडाली ती शब्दार्थात आणि वाक्प्रचारात. यादीत नाव येणार नाही, हे त्याच दिवशी कळून चुकलं.

तरी मी अभ्यास सोडला नाही. एकदा आमच्या चुलत सासूबाई आल्या होत्या. माझ्या हातात पुस्तक बघून म्हणाल्या, "आता कसला गं अभ्यास? हे म्हणजे वरातीमागून घोडं!" मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण आमच्या सासूबाई भाजी निवडता निवडता शांतपणे म्हणाल्या, "असू दे की. घोडं मागून का होईना, येतंय तरी!"

त्याच रात्री पुस्तकात एक वाक्प्रचार समोर आला. 'टू लॉक द स्टेबल डोअर आफ्टर द हॉर्स हॅज बोल्टेड.' घोडा पळून गेल्यावर तबेल्याला कुलूप लावणं. मी हसतच सुटले. अहो, हे तर आमचं वरातीमागून घोडं! इकडेही घोडा, तिकडेही घोडा, आणि वेळ दोघांचीही चुकलेली. तोपर्यंत मी काय करत होते? तालुक्याच्या एका क्लासने दिलेली हजार वाक्प्रचारांची यादी वरून खाली घोकत होते. 'अ' वरचे पाठ व्हायचे, 'ब' वर जाईपर्यंत 'अ' साफ. हा घोडा मात्र एकदाच वाचला आणि कायमचा बसला. कारण त्याला बांधायला मराठीतला खुंटा मिळाला होता.

दुसऱ्या दिवशी वही आणली. आमच्या सासूबाई चौथी शिकलेल्या, पण दिवसभर बोलतात त्या म्हणींतच. त्या बोलल्या की मी लिहून घ्यायचे आणि रात्री पुस्तकात तिचं इंग्रजी नातलग शोधायचे. हळूहळू वहीत नात्यांचे चार कप्पे झाले.

पहिला कप्पा सख्ख्या बहिणींचा. चित्रही तेच, अर्थही तोच. 'टू अ‍ॅड फ्युएल टू द फायर' म्हणजे आगीत तेल ओतणं. 'टू किल टू बर्ड्स विथ वन स्टोन' म्हणजे एका दगडात दोन पक्षी. 'क्रोकोडाइल टिअर्स' म्हणजे नक्राश्रू. हे पाठ करायला लागतच नाहीत, फक्त ओळख करून घ्यायची.

दुसरा कप्पा चुलत बहिणींचा. अर्थ तोच, पण लुगडं वेगळं. आपण राईचा पर्वत करतो, इंग्रज चिचुंद्रीसारख्या एका प्राण्याने उकरलेल्या मातीच्या ढिगाचा पर्वत करतो, 'टू मेक अ माउंटन आउट ऑफ अ मोलहिल'. क्वचित दिसणाऱ्या माणसाला आपण उंबराचं फूल म्हणतो, ते म्हणतात 'वन्स इन अ ब्लू मून'. नाचता येईना अंगण वाकडं, तसं तिकडे 'अ बॅड वर्कमन ब्लेम्स हिज टूल्स'. काम येत नसलेला कारागीर हत्यारांना नावं ठेवतो.

तिसरा कप्पा सवतींचा, आणि इथेच खरा घात होतो. चित्र हुबेहूब आपल्यासारखं, पण अर्थ भलताच! एका सराव परीक्षेत 'टू पुल समवन्स लेग' चा अर्थ विचारला होता. मी क्षणाचाही विचार न करता 'प्रगतीत अडथळा आणणे' या अर्थाचा पर्याय निवडला. आपल्याकडे पाय ओढणं म्हणजे तेच ना! पण इंग्रजीत तो अर्थ चेष्टा करणं, थट्टा करणं असा आहे. तसंच 'टू वॉश वन्स हँड्स ऑफ समथिंग'. आपण वाहत्या गंगेत हात धुऊन घेतो ते फायद्यासाठी. इंग्रज हात धुतो तो अंग काढून घ्यायला, जबाबदारी झटकायला. आणि 'टू कीप अ‍ॅन आय ऑन' म्हणजे नुसतं लक्ष ठेवणं. दुसऱ्याच्या जमिनीवर डोळा ठेवतात, तो हा डोळा नव्हे. पेपर काढणाऱ्यांना या सवती चांगल्या माहीत असतात. चार पर्यायांत आपला मराठी अर्थ मुद्दाम ठेवलेला असतो. म्हणून सवती मी लाल पेनाने लिहिते.

चौथा कप्पा परक्यांचा. यांचं आपल्याकडे नातलगच नाही. मग त्यांची गोष्ट शोधायची. 'टू बरी द हॅचेट' म्हणजे भांडण मिटवणं. हॅचेट म्हणजे लहान कुऱ्हाड. उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांत समेट करताना कुऱ्हाड जमिनीत पुरायची रीत होती, तिथून हा शब्दप्रयोग आला. 'अ‍ॅट द इलेव्हन्थ अवर' म्हणजे अगदी शेवटच्या क्षणी. बायबलमध्ये एक दाखला आहे. द्राक्षमळ्याचा मालक दिवसभर मजूर आणत राहतो. अकराव्या तासाला, म्हणजे दिवस मावळायला तासभर उरला असताना आलेल्यांनाही तो दिवसभराचीच मजुरी देतो. ही गोष्ट वाचली आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. का ते वेगळं सांगायला नको.

सुटे शब्द कसे लक्षात ठेवायचे? त्याची किल्ली ह्यांच्या दुकानातच सापडली. बाटल्यांवर लिहिलेलं असतं इन्सेक्टिसाइड, फंगिसाइड, हर्बिसाइड. कीटकांना मारणारं, बुरशीला मारणारं, तणाला मारणारं. म्हणजे शेवटचं 'साइड' हे मारण्याचं! मग सुइसाइड म्हणजे आत्महत्या, होमिसाइड म्हणजे मनुष्यवध, जेनोसाइड म्हणजे वंशसंहार. एका शेपटीला धरून सहा शब्द आले. तसंच पुढचं 'ऑम्नि' म्हणजे सर्व. ऑम्निप्रेझेंट म्हणजे सर्वत्र असणारा, ऑम्निसायंट म्हणजे सर्वज्ञ, ऑम्निव्होरस म्हणजे सर्व काही खाणारा.

रोज फक्त पाच शब्द किंवा वाक्प्रचार घ्यायचे, आणि प्रत्येकाचं एक वाक्य आपल्याच घरातलं करायचं. 'माय हजबंड कम्स होम अर्ली वन्स इन अ ब्लू मून.' (ह्यांनी वही वाचली नाही म्हणून बरं!) उजळणी दुसऱ्या दिवशी, मग चौथ्या दिवशी, मग आठवड्याने. अर्थाचा रकाना हाताने झाकायचा आणि पोळी लाटता लाटता आठवायचा. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं, की पाठ केलेलं आपण पहिल्या एक-दोन दिवसांतच सर्वांत वेगाने विसरतो. म्हणून पहिली उजळणी चुकवायची नाही, मग घरात कितीही पाहुणे असोत.

२०२४ मध्ये मी दुसऱ्या एका खात्याची लिपिकाची परीक्षा दिली. इंग्रजीत २५ पैकी २० बरोबर आले. नाव प्रतीक्षा यादीत लागलं. सहा महिने प्रत्येक फोनला काळीज धडधडायचं. पण बोलावणं आलं नाही, आणि २०२५ मध्ये मला ३८ पूर्ण झाली. अर्ज भरायची दारं बंद.

खोटं कशाला सांगू, मी पंधरा दिवस त्या वहीला हात लावला नाही. ती कपाटात टाकली होती. एक दिवस सासूबाईंनीच ती बाहेर काढली, पदराने पुसली आणि म्हणाल्या, "शेजारची नवी सून विचारत होती. तिलाही परीक्षा द्यायचीय म्हणे. तिला दाखवू का?"

ती २९ वर्षांची आहे. तिच्या हातात अजून नऊ वर्षं आहेत. रोज दुपारी तीन वाजता भांडी आवरून ती येते. सासूबाई म्हण सांगतात, ती इंग्रजी शोधते, आणि सख्खी की सवत यावर आम्ही तिघी वाद घालतो. परवा तिने सराव परीक्षेत 'पुल समवन्स लेग' बरोबर सोडवलं. मला स्वतःला मार्क मिळाल्यासारखं वाटलं.

नोकरी मिळाली नाही याचं दुःख आहे, ते जाणार नाही. दहा वर्षं आधी सुरुवात करायला हवी होती, हेही खरं. म्हणूनच तुम्हाला सांगते, वयाची अट तुमच्यासाठी थांबणार नाही. आजच एक वही आणा. आई, आजी, सासूबाई दिवसभरात काय काय बोलतात ते लिहून घ्या. तुमची निम्मी इंग्रजी त्यांच्या तोंडी आहे, फक्त नातं जुळवायचं बाकी आहे. आणि सवती मात्र लाल पेनाने लिहा बरं का!