असिस्टेड लिव्हिंग म्हणजे वृद्धाश्रम नव्हे

जबलपूरच्या राइट टाउन, नेपियर टाउनसारख्या भागांतल्या मराठी घरांत मुले नोकरीसाठी पुण्या-बंगळुरूला गेली, की ज्येष्ठ दोघेच उरतात. मग ‘असिस्टेड लिव्हिंग’चा (रोजच्या कामांत मदत मिळणारा निवास) विषय निघतो आणि अनेकांना तो वृद्धाश्रमच वाटतो.

दोन्हींत फरक आहे. २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांच्या सोयीसाठी वृद्धाश्रमाची तरतूद आहे. असिस्टेड लिव्हिंगमध्ये मात्र पैसे भरून स्वतःची खोली आणि अंघोळ, औषधे, चालणे यांत लागेल तेवढी मदत मिळते. ती जिन्याच्या कठड्यासारखी असते: पायऱ्या आपणच चढायच्या, तोल गेला तर धरायला आधार.

फायदे उघड आहेत: वेळेवर जेवण-औषध, बाथरूममध्ये हाताशी घंटीचे बटण, समवयस्कांची सोबत. तोटेही आहेत. मदत वाढली की खर्च वाढतो, ओळखीची माणसे दुरावतात, दुसऱ्यांच्या वेळापत्रकात बसावे लागते. शिवाय हे रुग्णालय नव्हे. गंभीर आजारात हलवावेच लागते.

म्हणून करारापूर्वी तीन गोष्टी लेखी घ्याव्यात: रात्री मदतनीस कोण असेल, अनामत रक्कम कधी परत मिळेल आणि अंथरुणाला खिळल्यास राहता येईल का.