कडप्प्याच्या मुलखातील घळई

मराठी घरांतील स्वयंपाकाच्या ओट्यावर आणि फडताळाच्या फळ्यांवर बसविलेला काळा ‘कडप्पा’ ज्या जिल्ह्याचे नाव घेऊन वावरतो, तो आंध्र प्रदेशातील जिल्हा पर्यटकांच्या यादीत क्वचितच आढळतो. मुंबई-चेन्नई लोहमार्गावरचे प्रवासी मुद्दनूर आणि येर्रगुंटला ही स्थानके बहुधा झोपेतच मागे टाकतात. या स्थानकांपासून मोटारीने तासाभरात गाठता येईल अशा ठिकाणी पेन्ना नदीने एर्रमला डोंगरात कोरलेली गंडीकोट्याची घळई आहे. तेलुगूमध्ये ‘गंडी’ म्हणजे घळ आणि ‘कोटा’ म्हणजे किल्ला. स्थळाचे सारे वर्णन त्या एका नावातच सामावले आहे.

एकट्याने मोटार हाकत जाऊन, तंबूत रात्र काढून आणि दिवसभर पायी हिंडून पाहावे, असे हे ठिकाण आहे. बंगळूरहून ते सुमारे २८० किलोमीटर पडते. चिक्कबळ्ळापूर, बागेपल्ली, कदिरी, पुलिवेंदुला, मुद्दनूर आणि जम्मलमडुगू अशी ही वाट. तिच्यात एक गंमत दडलेली आहे. चिक्कबळ्ळापूरजवळच्या ज्या नंदी टेकड्या गाडीच्या काचेतून दिसतात, त्याच परिसरात पेन्नेचा उगम होतो. नदी आणि रस्ता एकाच मुलखातून निघतात, निरनिराळ्या वाटांनी जातात आणि गंडीकोट्यापाशी पुन्हा भेटतात. सोबतीला कोणी बोलणारे नसले, की अशा गोष्टी ध्यानात येतात.

इंधन, पाणी आणि रोख रक्कम यांची तजवीज जम्मलमडुगूतच करणे शहाणपणाचे. तेथून किल्ला सुमारे १५ किलोमीटर आहे. मोबाईलवरून पैसे देण्याची सवय आता सर्वांच्याच अंगवळणी पडली असली, तरी खडकाळ माळावर संदेशलहरींची खात्री कोणी देऊ नये. खिशातील चार नोटा तेथे अधिक विश्वासू ठरतात. राज्याच्या पर्यटन महामंडळाचे निवासस्थान किल्ल्यानजीक आहे आणि स्थानिक मंडळी तंबूही भाड्याने देतात. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. बँकेतील मंडळींनी तर मार्चअखेरची धांदल सुरू होण्यापूर्वीच जावे, कारण त्यानंतर तेथील खडक तव्यासारखे तापतात.

किल्ल्याच्या तटाआड आजही एक लहान गाव नांदते आहे. विजयनगर शैलीतील माधवराय मंदिराचे उंच गोपूर, रंगनाथाचे मंदिर, दोन मिनारांची जामा मशीद आणि प्रशस्त धान्यकोठार हे सारे चालत पाहण्याजोग्या अंतरात आहे. पेम्मसानी नायकांचे हे बलस्थान सतराव्या शतकाच्या मध्यास गोवळकोंड्याचा सेनानी मीर जुमला याने जिंकले. त्यानंतर थोड्याच काळाने, १६५२ मध्ये, फ्रेंच रत्नव्यापारी ताव्हेर्निये आपले जवाहीर घेऊन त्याच्या भेटीस येथे आला होता. रत्ने घेऊन इतक्या आडवाटेला येणाऱ्या त्या व्यापाऱ्याच्या धाडसापुढे आजच्या डांबरी रस्त्यावरील एकट्याच्या सफरीचे कौतुक कितीसे करावे?

मशिदीच्या मागील बाजूने शिळांची रास ओलांडत पुढे गेले, की जमीन एकाएकी संपते. खाली सुमारे ३०० फुटांवर पेन्ना वाहते आणि समोर तांबूस खडकांचे थरावर थर उभे असतात. ओट्यावरचा काळा कडप्पा तो हा नव्हे. हा कठीण वालुकाश्मी गारखडक शंभर कोटी वर्षांहून जुना आहे. ‘भारताचे ग्रँड कॅनियन’ हे बिरुद मात्र गंडीकोट्यावर अन्यायच करते. अमेरिकेतील ती दरी दीड किलोमीटरहून अधिक खोल आहे. तिच्याशी मोजमाप केले तर ही घळई लहानच वाटणार. तिचे वैभव निराळे आहे. येथे माणूस आणि कडा यांच्यामध्ये काहीच नसते.

आणि हीच धोक्याची बाब आहे. कड्याच्या बहुतेक भागाला कठडा नाही. शिळा गुळगुळीत असून त्यांच्यामधील फटी खोल आहेत. एकट्या माणसाचा पाय तेथे मुरगळला, तर त्याची हाक ऐकणारा कोणी असेलच असे नाही. म्हणून निघण्यापूर्वी कोणत्या बाजूस जात आहोत आणि केव्हा परतणार, हे मुक्कामाच्या ठिकाणी सांगून ठेवणे आवश्यक. छायाचित्रासाठी कड्याच्या टोकावर उभे राहण्याचा मोह तर सर्वस्वी टाळावा. नदीपात्राकडे उतरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. घळईच्या वरच्या अंगास गंडीकोटा जलाशयाचे धरण आहे, तर खालच्या अंगास मैलवरमचे. त्यामुळे येथील पाण्याची पातळी केवळ डोक्यावरच्या आभाळावर अवलंबून नसते. स्थानिकांना विचारल्याविना खाली उतरू नये आणि पाण्यात तर मुळीच शिरू नये.

सायंकाळी सहलीच्या गाड्या परततात आणि गावातील दिवे लागतात. मग तंबूच्या दारातून नदी दिसत नाही, केवळ तिच्या जागी असलेला गडद काळोख दिसतो. पहाटे त्या काळोखाला प्रथम काठ फुटतात, मग थर आणि अगदी शेवटी पाण्याचा रंग. सूर्य वर आल्यावर अर्ध्या तासात खडकांचा तांबूसपणा फिका पडू लागतो. तेव्हा तंबू आवरून, आपला कचरा पिशवीत घेऊन निघणारा प्रवासी दुपारपूर्वी बेलमच्या गुहा गाठू शकतो. चुनखडीतील या गुहांची ज्ञात लांबी ३,२२९ मीटर आहे आणि रणरणत्या मुलखात जमिनीखालचा तो दमट अंधार पाहण्यासाठी निराळा दिवस काढावा लागत नाही.