कुवेतच्या मैत्रिणीला गावची खबर

निकाल आता रोह्यात लागतो आणि त्याच मिनिटाला कुवेतमध्ये कळतो. 21 डिसेंबर 2025 ला, रविवारी, पेण आणि रोहा नगरपरिषदांची मतमोजणी चालू होती. आम्ही पेणला स्वयंपाकघरात होतो, आणि रोह्याचा कोणता प्रभाग कोणाकडे गेला हे आम्हाला कुवेतच्या मैत्रिणीने सांगितले. आमचे माहेर रोहा, तिचेही. दहावीपर्यंत एका बाकावर बसलो. लग्नानंतर आम्ही पेणला आलो आणि ती समुद्रापार गेली, त्याला अठरा वर्षे झाली.

"निकाल मला ठाऊक आहे, तू बाकीचं सांग," असे तिने त्या दिवशी लिहिले.

हे 'बाकीचं' कळवण्याची रीत आपल्या कोकणी घरांत जुनी आहे. आपली माणसे आधी जहाजावर गेली, मग आफ्रिकेत, मग आखातात. केपटाउनमध्ये आजही कोकणी घराणी नांदतात. आमच्या लहानपणी निळ्या एअरोग्रामवर पत्रे जात. घरातल्या एकेकाचा सलाम नावानिशी लिहिता लिहिता अर्धा कागद संपे. पुढे कॅसेटी आल्या. सुट्टी संपवून परत निघालेल्याच्या बॅगेत एक कॅसेट द्यायची. तीत दादी बोले आणि मागे कोंबडा आरवे. मुंबईचे 'नक्शे कोकण' हे उर्दू मासिक परदेशी घरांत वाचले जाई तेही गावच्या खबरीसाठीच. तेव्हा बातमीची वाट पाहावी लागे. आता बातम्यांचा पूर आहे. गुलालाचा एखादा फोटो येतो, पण तो कोणत्या वर्षाचा आणि कोणत्या गावचा, हे विचारायला गावातलेच माणूस लागते.

तर आम्ही तिला सविस्तर लिहिले. यापूर्वीची नगरपरिषदेची निवडणूक 2016 च्या अखेरीस झाली होती. मुदत संपली तरी कोरोना, मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा खटला आणि प्रभागरचनेचा घोळ यांत निवडणुका अडकल्या, आणि कारभार प्रशासकाकडे गेला. अखेर 6 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला. मागच्या वेळी चौथीत असलेली आमची एक विद्यार्थिनी यंदा मतदार म्हणून रांगेत उभी होती! 2 डिसेंबरला सकाळी साडेसातपासून संध्याकाळी साडेपाचपर्यंत मतदान झाले. प्रत्येकाने तीन मते द्यायची: एक नगराध्यक्षासाठी आणि दोन प्रभागाच्या सदस्यांसाठी. नऊ वर्षांत लोक हे विसरून गेले होते. मोहल्ल्यातली एक वयस्कर बाई एकच बटण दाबून निघाली, तिला अधिकाऱ्यांनी परत बोलावले. "एकालाच दिलं, दुसऱ्यांना कशाला देऊ?" असे ती म्हणाली. यावर कुवेतमध्ये खूप हसणे झाले.

मतमोजणी खरे तर दुसऱ्याच दिवशी व्हायची होती. पण काही ठिकाणचे मतदान 20 तारखेला गेले, म्हणून उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सगळीकडचीच मोजणी 21 ला घ्यायला सांगितली. एकोणीस दिवस यंत्रे कुलपात राहिली. त्या दिवसांत लग्ने होती, वालाच्या शेंगांच्या पोपट्या लागत होत्या, आणि उमेदवार प्रत्येक वलीम्यात हात जोडून हजर. पडणार की निवडून येणार हे माहीत नसलेला उमेदवार फार नम्र असतो, असे आमचे निरीक्षण आहे.

मतदानाच्या दिवशी पेणला मत देऊन आम्ही गाडीने रोह्याला गेलो होतो, ते तिच्या अम्मीसाठी. अम्मी चौऱ्याहत्तर वर्षांच्या, घरात एकट्या. त्यांना रिक्षाने केंद्रावर नेले. बोटाची शाई त्यांनी व्हिडिओ कॉलवर लेकीला दाखवली, ती रडली. फोन ठेवल्यावर मात्र आम्ही पाहिले की जिन्याच्या तीन पायऱ्या उतरायला अम्मींना भिंत धरावी लागते, आणि चुलीवर दूध उतू गेले तरी त्यांच्या ध्यानात आले नाही. "तिला सांगू नकोस. इतक्या लांब ती काय करणार?" असे त्या आम्हाला म्हणाल्या.

लांब असलेल्याला काळजी नको म्हणून आपल्याकडे किती गोष्टी झाकल्या जातात! बाप आजारी असल्याचे मुलाला विमानतळावर उतरल्यावर कळते, कधी तर मय्यतीची खबर आधी येते. ही माया आम्हाला पटत नाही. आम्ही अम्मींना तसे स्पष्ट सांगितले. त्या रागावल्या, मग गप्प झाल्या. निकालाच्या रात्री आम्ही मैत्रिणीला सगळे लिहिले: पायऱ्या, दूध, आणि शेजारची मुलगी रोज दोनदा डोकावते हेही.

तिचे उत्तर दोन दिवसांनी आले. त्यात अम्मींच्या औषधांची चौकशी होती आणि मग एक वेगळाच प्रश्न: "यादीत माझं नाव आहे का गं?"

वाचक बहिणींनो, हा प्रश्न आपल्या कितीतरी घरांचा आहे, म्हणून थोडे तपशिलाने सांगतो. आखातात आयुष्य काढले तरी तिथले नागरिकत्व सहसा मिळत नाही. आपली माणसे भारतीय नागरिकच राहतात. अशांसाठी 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात 20-अ हे कलम आहे. नमुना 6-अ भरला की पारपत्रावर गावचा जो पत्ता असेल, तिथल्या यादीत परदेशस्थ मतदार म्हणून नाव लागते. अर्ज ऑनलाइनही होतो. मत मात्र टपालाने देता येत नाही. स्वतः येऊन, मूळ पारपत्र दाखवूनच द्यावे लागते. नगरपरिषदेची यादीही विधानसभेच्या यादीवरूनच तयार होते. यंदा 1 जुलै 2025 ची यादी धरली होती. एकीकडे माहेर, एकीकडे सासर, अशी दोन ठिकाणी नावे असलेल्या बाया आपल्यात पुष्कळ. यंदा अशा संशयित दुबार नावांपुढे दोन तारे छापले होते, आणि कुठल्या केंद्रावर मत देणार हे लिहून घेतले जात होते. एक नाव वेळीच काढून घेतलेले बरे.

तिने 6-अ भरायला घेतला आहे. मोठी लेक अठराची होते आहे, तिचाही. पत्ता रोह्याचा. सुट्टी जुलैऐवजी एप्रिलमध्ये मागितली आहे, आणि तोवर जिन्याला कठडा बसवून घ्यायचे काम आमच्याकडे सोपवले आहे. सुताराशी बोललो आहोत. तो सोमवारी माप घ्यायला येतो म्हणाला.